लाकडी गजाचं पाप

दुपारचे पावणेबारा वाजले होते आणि शिलाईच्या कारखान्यासमोरच्या गल्लीत मुंगीला शिरायला वाव नव्हता. समोरच्या पायऱ्यांवर बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. सायकलवाल्याने दुकान अर्धं ओढून घेऊन आपली दोन स्टुलं पुढे आणली होती. कारखान्याच्या खिडकीच्या जाळीला तर माणसं अशी चिकटली होती, की आत उजेड यायचा तोही त्यांना विचारूनच.

“आज हात तपासणार म्हणे.”

“कसे?”

“विजेने. पापी हात बटणाला लागला की वीज आपण होऊन मान टाकते.”

“मग आमच्या ह्यांना घेऊन येते ना! घरातला एक पंखा फिरायचा नाही.”

हशा पिकला. त्या हशातून कोपराने वाट काढत एक एकाहत्तर वर्षांची बाई दाराकडे सरकत होती. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात गुडघ्याच्या गोळ्यांची पिशवी. तिला रस्ता द्यावा असं काही जणींना आपोआप वाटत होतं, कारण त्यातल्या निम्म्या जणी तिच्या शाळेत शिकल्या होत्या. मुलींच्या शाळेच्या प्रयोगशाळेत तिने चौतीस वर्षं काढली होती. ती शिक्षिका नव्हती. परीक्षानळ्या धुणं, तारा जोडून ठेवणं, आम्लाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं हे तिचं काम. शिकवायचे सर, पण तास संपल्यावर मुली शंका विचारायच्या हिलाच. सगळा गाव तिला प्रयोगबाई म्हणायचा. सर जाऊनही आता वीस वर्षं झाली होती.

एवढ्या वर्षांत तिने काय काय पाहिलं नव्हतं! राखेतून ज्वाळा काढणारा पाहिला होता. त्याच्या राखेत कुठली जांभळी पूड असते हे तिने तिथल्या तिथे दाखवलं होतं. पाण्याचं रक्त करणारा पाहिला होता. कापूर गिळणारी, खिळ्यांवर निजणारा, लिंबातून केस काढणारा. प्रत्येक वेळी भांडं फुटायचं, लोक हसायचे, आणि दोन वर्षांनी नवा माणूस नवं भांडं घेऊन हजर. तरुणपणी तिला या गोष्टींचा संताप यायचा. आता नुसता थकवा यायचा. घासून ठेवलेलं तेच पातेलं पुन्हा करपलेलं समोर यावं, तसा.

खरं तर ती आज येणारच नव्हती. पण सकाळी नणंदेच्या सुनेचा फोन आला.

“मामी, तुम्ही एकदा कारखान्यात जाल का? सासूबाईंनी बाळाला अजून हातात घेतलेलं नाही.”

“अजून नाही? किती दिवसांचा झाला तो?”

“आज सतरावा. आधी म्हणाल्या सर्दी आहे. मग म्हणाल्या हात दुखतात. काल रात्री बाळ रडत होतं, मला ताप होता, मी म्हटलं जरा घ्या हो. तर दारात उभ्या राहून रडायला लागल्या. म्हणाल्या, माझ्या हाताने चालतं यंत्र बंद पडतं गं, हे तर एवढंसं आहे.”

प्रयोगबाईने फोन ठेवला आणि छत्री उचलली.

नणंद या कारखान्यात बावीस वर्षं शिवत होती. इथे सगळे तिला ताई म्हणत. लांबट खोली, भिंतीला लागून सहा मशीनं, मधे कापणीचं टेबल, वर आठ ट्यूबलाइट आणि चार पंखे. दवाखान्यांच्या चादरी आणि उशांचे अभ्रे शिवायचे. प्रत्येक मशीनखाली एक मोटर. बटण दाबलं की मोटर घूं करून फिरायला लागते आणि मग पायाने दाब दिला की सुई चालते. रोज बारा ते तीन वीज जायची, म्हणून कोपऱ्यात एक इन्व्हर्टर बसवला होता. चार वर्षं त्याने कधी कुरकुर केली नाही. महिन्यापूर्वी काम वाढलं, मालकीणबाईने सहावं मशीन आणलं, आणि तेव्हापासून कुरकुर सुरू झाली.

वीज गेली की सगळ्याजणी आपापल्या मशीनचं बटण बंद करायच्या. मग इन्व्हर्टरवर एकेकजण आपली मोटर चालू करायची. पहिली चालू, दुसरी चालू, पाचवी चालू. आणि ताईने बटण दाबलं, की इन्व्हर्टर टीं टीं टीं ओरडायचा आणि सगळं अंधारात. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा कोणीतरी म्हणालं, “ताईंनी लावलं की जातं, नाही?” कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली तर लोक कावळ्याला दोष देतात. इथे तर कावळा रोज बसत होता आणि फांदी रोज तुटत होती. मग कोण गप्प बसणार?

आठवड्यापूर्वी कुणीतरी तेजमहाराजांना आणलं. त्यांनी ताईचे तळवे पाहिले, डोळे मिटले आणि निदान केलं: हे हात तेज पिणारे आहेत. आज सगळ्यांसमोर परीक्षा. ती ताईच्या विरुद्ध गेली तर ताईने मशीन सोडायचं, आणि कोवळ्या जिवाला एकशे आठ दिवस शिवायचं नाही.

प्रयोगबाई आत पोचली तेव्हा ताई आपल्या मशीनशी उभी होती. तिने दहाही बोटांना चादरीच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या. पांढऱ्या, नीट काठ दुमडलेल्या. शिवणारीच ती, चिंधीसुद्धा वेडीवाकडी गुंडाळणार नाही.

“हे काय गं?”

“वहिनी, तुम्ही कशाला आलात? गुडघे दुखतात ना तुमचे.”

“ते बसून पण दुखतात. हे काय म्हणते मी?”

ताईने हात पाठीमागे नेले. “काही नाही. लागू नये कुणाला.”

तेवढ्यात महाराज आले. चाळिशीचे असतील. पांढरेशुभ्र कपडे, कातरलेली दाढी, मनगटावर जाडजूड घड्याळ, आणि हातात तांब्याची एक वीतभर कांडी, लाल दोऱ्याने गुंडाळलेली. त्यांनी खोलीवर नजर फिरवली. पंखे, दिवे, मोटरी. प्रयोगबाईला वाटलं, हा माणूस मोजतोय.

बरोबर बाराला वीज गेली. गर्दीने आधीच ‘हं!’ केलं, जणू तीही महाराजांनीच घालवली होती. इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखे चालू राहिले.

“जगात हात दोनच प्रकारचे!” महाराजांनी सुरुवात केली. “एक तेज देणारा, एक तेज पिणारा. वीज म्हणजे काय? साक्षात तेज. तिला माणूस कळतो. विज्ञानसुद्धा आज हेच मान्य करतं.”

विज्ञानाने हे नेमकं कधी मान्य केलं, हे कुणी विज्ञानाला कळवलं असतं तर त्या बिचाऱ्यानेही कपाळाला हात लावला असता.

“आता सगळ्या भगिनींनी नेहमीसारखं काम सुरू करावं. काही बदलायचं नाही. तेजाला खोटेपणा चालत नाही.”

पहिली मोटर घूं झाली. दुसरी. तिसरी. चौथी. पाचवी ताईशेजारच्या चष्मेवालीची, तिने बटण दाबलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. आता ताई. तिने चिंधी गुंडाळलेलं बोट पुढे केलं. बोट टेकलं.

टीं टीं टीं टीं. खट्. अंधार.

“अरे देवा!” खिडकीतून एकदम दहा आवाज आले.

महाराज शांत होते. “सगळ्यांनी बटणं बंद करा. हात जोडा. डोळे मिटा.” ते इन्व्हर्टरपाशी गेले, ओठ हलवले, तांब्याची कांडी त्याच्या मागच्या बाजूने फिरवली, आणि लख्खकन दिवे लागले! एरवी हा डबा आपोआप शुद्धीवर यायला दहा मिनिटं घ्यायचा. कांडी लागली आणि चुटकीसरशी उठला. सायकलवाल्याने स्टुलावरूनच नमस्कार केला.

प्रयोगबाईने डोळे मिटले नव्हते. चौतीस वर्षांत तिने एकाही प्रयोगाला डोळे मिटले नव्हते.

“आता दुसरी खूण,” महाराज म्हणाले. “या ताईंनी बाहेर जावं. गल्लीत. सावलीसुद्धा आत नको.” ताई मान खाली घालून बाहेर गेली. गर्दी तिच्याभोवती अशी फाकली, जशी सांडलेल्या तेलाभोवती फाकते. “आता यंत्रांनी मौन धरावं. एकही चालवू नका. वारं थांबवा, पंखे बंद. ज्योतीला वारं सोसत नाही. मालकीणबाई, तुम्ही त्या ताईंच्या जागी बसा. तुमचा हात निर्मळ आहे.”

मालकीणबाईने भीत भीत बटण दाबलं. मोटर गोड आवाजात फिरायला लागली. इन्व्हर्टर गप्प.

काय टाळ्या पडल्या! चष्मेवालीने चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाली, “बावीस वर्षं शेजारी बसलेय हो मी त्यांच्या. कधी वाटलं नव्हतं.”

“पाहिलंत?” महाराजांनी कांडी उंचावली. “मशीन तेच, जागा तीच. बदलला तो फक्त हात!”

“आणि पंखे,” प्रयोगबाई म्हणाली.

“कोण?”

“पंखे बदलले म्हटलं. चार फिरत होते, ते बंद केलेत. पाच मोटरी चालत होत्या, त्याही बंद केल्यात. हात एक बदलला, गोष्टी दहा.”

महाराज तिच्याकडे पाहून प्रेमळ हसले. प्रेमळ हसणं हे या धंद्यातलं भांडवल असतं. “आजी, तुमचं वय झालं. श्रद्धेच्या जागी तर्क करू नये.”

“वय झालं म्हणूनच करतेय. आता चूक करायला वेळ नाही उरला.” ती मालकीणबाईकडे वळली. “हे बघ गं. बल्ब, ट्यूब हे मोजून जेवणारे पाहुणे. पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत सारखंच खातात. मोटर तशी नसते. ती जागची हलताना क्षणभर पाच-सहा जणांचं एकदम मागते, आणि एकदा फिरायला लागली की...”

“बाई, ते तुमचं पुस्तकातलं झालं,” चष्मेवाली म्हणाली. “पुस्तकातली वीज निराळी आणि आमची निराळी.”

“हो ना. चार वर्षं नाही मागितलं ते आताच कसं मागायला लागली?”

“राहू द्या बाई. त्यांची नणंद आहे, त्यांना वाईट वाटणारच.”

प्रयोगबाईने कंबरेवर हात ठेवला. पाठीत कळ आली होती. खुर्ची असती तर ती बसली असती आणि कदाचित तशीच घरी गेली असती. किती वेळा हेच! तोंडाने सांगायचं, आणि शब्द समोरच्या भिंतीवर आपटून आपल्याच पायाशी पडायचे. मग तिला सर आठवले. खडूने भरलेला कोट, आणि प्रत्येक नव्या मास्तराला ते द्यायचे तो एकच सल्ला: सांगू नका हो, दाखवा. सांगितलेलं दारापर्यंत टिकतं. तिला ती लाकडी मेजं आठवली, स्पिरिटच्या दिव्याचा वास आठवला, आणि प्रवाह मोजायच्या त्या जुन्या यंत्राची बारीक सुई. पाण्याची मोटर लावली की सुई पार टोकाला उडी मारायची, आणि मग लाजल्यासारखी हळूहळू मागे यायची. मुली दरवर्षी हसायच्या. दरवर्षी नव्या मुली, आणि सुई तीच.

“तू नववीत होतीस,” ती मालकीणबाईला म्हणाली. “हातावर आम्ल सांडून घेतलं होतंस.”

मालकीणबाई गडबडली. “हो बाई. तुम्ही पंधरा मिनिटं माझा हात नळाखाली धरला होता.”

“तुझी आई म्हणत होती तूप लाव. मी ऐकलं नाही. डाग राहिला?”

मालकीणबाईने नकळत आपलं मनगट पाहिलं. “नाही.”

“मग आज मला पंधरा मिनिटं दे. तेवढीच. नंतर तुला वाटेल ते कर.”

मालकीणबाईने महाराजांकडे पाहिलं, मग मनगटाकडे. “करा सुरू, बाई.”

“आधी तिला आत बोलवा.”

ताई आली. गर्दी पुन्हा फाकली.

“एक सांग,” प्रयोगबाईने तिला विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “वीज गेली की तू रोज शेवटीच का लावतेस मशीन?”

ताईला हा प्रश्न विचित्र वाटला. “पोरी नगावर काम करतात वहिनी. जितके अभ्रे तितका पगार. माझा महिन्याचा ठरलेला. मी आधी लावलं काय, मागून लावलं काय. त्यांचं एक मिनिट वाया जायला नको, म्हणून म्हणते, तुम्ही लावा गं आधी.”

“चार वर्षं?”

“सवयच ती.”

पाचही जणी एकमेकींकडे पाहू लागल्या. ताई रोज हे म्हणते ते सगळ्यांनी ऐकलेलं होतं. रोज ऐकलेलं कुणी ऐकत नाही.

“बरं. आज उलटं करायचं,” प्रयोगबाई म्हणाली. “पंखे चालू. सगळे दिवे चालू. पहिली तू.”

“नको वहिनी!”

“दाब.”

ताईने डोळे घट्ट मिटले आणि बोट टेकवलं. घूं. मोटर फिरायला लागली. ताईने एक डोळा उघडला, मग दुसरा. इन्व्हर्टर मुका. दुसरीने लावलं, तिसरीने, चौथीने, पाचवीने. शेवटी राहिली चष्मेवाली.

“मी?” ती म्हणाली.

“तूच. पुस्तकातली वीज निराळी ना? दाब मग.”

तिने दाबलं. टीं टीं टीं टीं. खट्. अंधार.

गल्लीत कुणीतरी जोरात हसलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. चष्मेवाली स्वतःच्या बोटाकडे असं पाहत होती, जणू ते दुसऱ्याचं आहे.

“दोष सरकला!” महाराज गरजले. “या दोघी शेजारी बसतात. स्पर्शदोष! हेच मी सांगत होतो.”

“मला वाटलंच होतं तुम्ही हे म्हणाल,” प्रयोगबाई थकलेल्या आवाजात म्हणाली. “सगळ्यांनी बटणं बंद करा. महाराज, जरा कांडी लावता?”

“तेज पुन्हा पुन्हा मागायचं नसतं.”

“मग मीच मागते.” ती इन्व्हर्टरपाशी गेली, गुडघ्यावर हात ठेवून वाकली, मागे चाचपडली आणि छत्रीचं टोक दाबलं. लख्ख. दिवे लागले. “इथे एक बारीक बटण आहे. लोड जास्त झाला की उडतं. थांबलं तर डबा आपला आपण सावरतो, नाहीतर हे दाबायचं. तांबं नको, मंत्र नको, छत्री चालते.”

मालकीणबाई धावत येऊन वाकली. “चार वर्षांत आम्हाला हे दिसलं नाही!”

“यांना मात्र डोळे मिटून सापडलं.” प्रयोगबाईने महाराजांकडे पाहिलं. “आधी बॅटरीच्या दुकानात होतात, की दुरुस्तीच्या?”

महाराजांचं प्रेमळ हसू प्रथमच उशिरा आलं.

“पुढे,” ती म्हणाली. “तुमच्या म्हणण्याप्रमाणे मघाशी निर्मळ हात ठरला तो मालकीणबाईचा. ताई, तू बाहेर जाऊन उभी राहा. सावलीसकट. चष्मेवाली, तूही जा. तुमच्या दोन मोटरी कोण लावेल? एक मी लावते. आता मालकीणबाई शेवटी.”

पाच मोटरी चालू झाल्या. पंखे फिरत होते, दिवे जळत होते. मालकीणबाईने निर्मळ हात पुढे केला.

टीं टीं टीं टीं. खट्.

“अगं बाई,” अंधारात मालकीणबाई एवढंच म्हणाली.

छत्री. लख्ख. आता गर्दी खिडकीतून दारात आणि दारातून खोलीत आली होती, तिच्याबरोबर ताई आणि चष्मेवालीही. कुणी कुणाला ढकलत नव्हतं. सगळे पुढचं पाहायला थांबले होते.

“महाराज, आता तुम्ही. तुमच्या हातात तर तेजच तेज. पाच मोटरी चालू असताना सहावी लावून दाखवा.”

“माझं तेज या क्षुद्र यंत्राला सोसणार नाही,” महाराज म्हणाले. “जळून जाईल. मग नुकसान कुणाचं?”

“वा!” सायकलवाला म्हणाला. “कमी झालं तरी बंद, जास्त झालं तरी बंद!”

या वेळी हशा पिकला तो आवरला नाही.

प्रयोगबाईने कापणीच्या टेबलावरचा कापड मोजायचा लाकडी गज उचलला. चाळीस वर्षं जुना, हातांनी घासून गुळगुळीत झालेला. “पाच जणी लावा.” पाच मोटरी घूं करू लागल्या. ती सहाव्या मशीनपासून चार हात लांब उभी राहिली आणि गजाच्या टोकाने बटण ढकललं.

टीं टीं टीं टीं. खट्. अंधार.

त्या अंधारात तिचा आवाज शांत होता. “आता मला सांगा. या लाकडी गजाने कुठलं पाप केलंय?”

बाहेर लांब कुठेतरी मोटारीचा भोंगा वाजला.

तिने दिवे लावले आणि शेवटी एकदा टेबलाला टेकून उभी राहिली. “आता ऐकाल? भरलेला हातगाडा आठवा. जागचा हलवताना चार माणसं लागतात. एकदा चाकं फिरली की एक माणूस नेतो. मोटर म्हणजे तो गाडा. पाच चालू असतात तेव्हा हा डबा जवळजवळ भरलेला असतो. त्यावर सहावीला जागची हलवायचं म्हणजे एका क्षणाला एकदम पाच-सहा मोटरींचं ओझं. ते त्याला झेपत नाही, तो जीव वाचवायला बंद होतो. शेवटची मोटर कुणाचीही असो. हाताची असो नाहीतर लाकडाची. सहावं मशीन आल्यावरच हे का सुरू झालं, ते तुमच्या लक्षात आलं असतं. पण यंत्र मोजायचं सोडून आपण माणूस मोजायला बसलो. पंखे बंद करा गं सगळे. चार ट्यूब बंद करा.”

पंखे थांबले, निम्मे दिवे गेले. पाच जणींनी मोटरी लावल्या.

“ताई, तू. शेवटी. रोजच्यासारखी.”

ताई पुढे आली. तिने उजव्या हाताच्या पहिल्या बोटाची चिंधी सोडली. बटण दाबलं.

सहावी मोटर इतर पाचांच्या आवाजात मिसळून गेली. खोली घुमायला लागली. इन्व्हर्टरने चूं केलं नाही.

“एवढंच होतं?” ताई म्हणाली. तिला आनंद झाला नव्हता. महिनाभर जे ओझं वाहिलं ते रिकाम्या पोत्याचं निघालं, तसा तिचा चेहरा झाला होता.

“एवढंच असतं गं नेहमी,” प्रयोगबाई म्हणाली. मग ती त्या पाच जणींकडे वळली. तिला ओरडायचं नव्हतं. ओरडायची ताकद तिने कधीच्या काळी वापरून टाकली होती. “ती शेवटी बटण दाबत होती ती तुमचं मिनिट वाचावं म्हणून. त्याचा तुम्ही तिच्यावरच आळ घेतलात. मी तुम्हाला देव माना की मानू नका हे सांगायला आले नाही. एकच मागते. कुणी तुम्हाला म्हणालं की अमक्याच्या हाताने हे झालं, तमकीच्या पायाने ते झालं, तर टाळ्या वाजवायच्या आधी एकदा क्रम बदलून बघा. हात बदला, जागा बदला, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. त्याला पैसे पडत नाहीत, शिक्षण लागत नाही. गज असला तरी पुरतो. माणसाला दोषी ठरवायच्या आधी एवढं तरी करा.”

चष्मेवाली उठली. ताईपाशी गेली, तिच्या मशीनवरचे दोरे झटकले. शेवटी म्हणाली, “ताई, उद्यापासून शेवटी मी लावेन.”

“उद्यापासून पंखे बंद करून लावा,” प्रयोगबाई म्हणाली. “नाहीतर मालकीणबाई मोठा डबा आणेल. शेवटी कुणीतरी लावणारच आहे.”

महाराज कुठे आहेत हे पाहायला गर्दी वळली, तेव्हा इन्व्हर्टरपाशी फक्त लाल दोऱ्याचा एक तुकडा पडला होता. पुढच्या आठवड्यात ते नदीपलीकडे गेले, असं ऐकू आलं. तिथे म्हणे एका घरची पाण्याची मोटर सुनेने लावली की बंद पडते. प्रयोगबाईने ते ऐकलं आणि नुसता सुस्कारा टाकला. छत्री मात्र तिने दाराशीच ठेवली, आत नेली नाही.

पण ते पुढच्या आठवड्यातलं. त्या दिवशी त्या दोघी कारखान्यातून सरळ ताईच्या घरी गेल्या. वाटेत ताई एकेक चिंधी सोडत होती आणि घडी करून खिशात ठेवत होती. दारात सून उभी होती, खांद्यावर बाळ.

“सासूबाई, लवकर?”

ताई नळाशी गेली. साबणाने हात धुतले. पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा साबण उचलला तेव्हा प्रयोगबाईने तो तिच्या हातातून काढून घेतला.

“पुरे. डाग नाहीये.”

ताई खाटेवर बसली. सुनेने काही न विचारता बाळ तिच्या मांडीवर दिलं. सतरा दिवसांत पहिल्यांदा. ताईने हात त्याच्या पाठीखाली घातले, असे की काच धरलीय. बाळाने तोंड वाकडं केलं, पाय झाडले, आणि दोन मिनिटांत आजीची मांडी चिंब ओली केली.

“अगं बाई!” सून पुढे धावली.

“राहू दे गं,” ताई म्हणाली. ती रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं. “राहू दे. व्यवस्थित चालू आहे.”

प्रयोगबाईने भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले आणि सुनेला म्हणाली, “जरा पाणी दे मला. गोळी घ्यायची राहिलीय.”